वजा वजा अधिकचं गाणं पुरे, वर्गात पेटी आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या गणिताच्या नियमांच्या गाण्यांचा नुसता पाऊस पडतोय. कुठल्यातरी गाजलेल्या गाण्याची चाल घ्यायची, त्यात वजा वजा अधिक, अधिक वजा वजा असं काहीतरी कोंबायचं, पोरांना हातवारे शिकवायचे, मोबाईलवर शूट करायचं आणि वर लिहायचं "संगीतातून गणित", की झालं, अंगठे आणि टाळ्या सुरू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेची सांगड घालून विषय शिकवा असं म्हटलंय ते बरोबरच आहे, त्याला माझा विरोध नाही, उलट मी स्वतः गणित शिकवतो आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे गाणं आणि गणित एकत्र आलं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण हे जे चाललंय त्यात संगीतही नाही आणि गणितही नाही, नुसतं पाठांतर आहे, फक्त चालीत.

आणि त्या पाठांतराचा तोटा काय होतो ते सहावी-सातवीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. फळ्यावर −३ − ५ लिहा आणि उत्तर विचारा. अर्धा वर्ग ओरडतो, अधिक आठ! का तर दोन वजा दिसले, वजा वजा अधिक, गाण्यात तसंच आहे ना सर. आता तो नियम गुणाकाराचा आहे, किंवा ऋण संख्या वजा करायची असेल तेव्हाचा आहे, हे गाण्यात कुठे येतं? येत नाही, कारण ते चालीत बसत नाही. मग पोरगं आयुष्यभर तो नियम दिसेल तिथे चिकटवत बसतं.

माझं म्हणणं साधं आहे. संगीताची चाल उसनी घेऊ नका, सरळ वाद्यच वर्गात आणा. धन आणि ऋण संख्या पेटीवर आधीपासून बसलेल्याच आहेत, आपण फक्त बोट ठेवून दाखवायचं.

आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात पूर्णांक संख्या येतात आणि सातवीला त्यांचा गुणाकार भागाकार. समजावायला उदाहरणं कुठली द्यायची तर थर्मामीटर, समुद्रसपाटी, लिफ्टचा तळमजला आणि त्याखालचं पार्किंग. आता महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी दर थंडीत तुमच्याच पेपरात येते, तेवढा सोडला तर शून्याखालच्या तापमानाशी आमच्या पोरांचा काय संबंध. मॉलच्या पार्किंगची लिफ्ट पुण्यातल्या पोरांनी बघितली असेल, वाडीवरच्या पोराने नाही. पण पेटी? गाव कितीही लहान असो, देवळात एक पेटी असतेच, आणि बऱ्याच शाळांतही परिपाठाच्या प्रार्थनेसाठी एक पेटी घेतलेली असते जी कपाटात धूळ खात पडलेली असते.

तर करायचं काय. पेटीतला सगळ्यात डावा सा घेऊ नका, मधल्या सप्तकातला सा घ्या, म्हणजे डाव्या बाजूला निदान बारा पट्ट्या राहतील. त्या सा ला म्हणायचं शून्य. उजवीकडे काळी-पांढरी न बघता शेजारच्या पट्टीवर गेलं की एक, पुढची दोन. म्हणजे कोमल रे १, शुद्ध रे २, कोमल ग ३, शुद्ध ग ४, शुद्ध म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, शुद्ध ध ९, कोमल नि १०, शुद्ध नि ११ आणि तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, १२. आता सा वरून डावीकडे. लगेचचा मंद्र नि, म्हणजे खालच्या सप्तकातला नि, −१, कोमल नि −२, ध −३, कोमल ध −४, प −५ असं जात जात मंद्र सा −१२. ही झाली संख्यारेषा. फळ्यावरच्या रेषेत आणि हिच्यात फरक एवढाच की हिच्यातली प्रत्येक संख्या ऐकू येते.

पहिल्याच तासाला एक गोष्ट हमखास होते. पोरं जिथे बोट आहे ती पट्टीच "एक" म्हणून मोजायला लागतात, मग सगळं एकाने चुकतं. फळ्यावरच्या संख्यारेषेवरही ही चूक होते, पण तिथे ती वहीत दडून राहते आणि पेपर तपासताना कळते. पेटीवर ती तिथल्या तिथे कानाला कळते, कारण पाच उड्या मारून म वर यायचं होतं आणि पोरगं ग वर थांबलं तर सगळा वर्ग हसतो. सांगायचं इतकंच, बोट आहे तिथे उडी झालेली नाही, उडी पुढच्या पट्टीवर गेल्यावर होते.

मग लहान-मोठं. −५ मोठा की −२ मोठा? पाच मोठा दिसतो म्हणून −५ मोठा, हे उत्तर इतकं पक्कं असतं की थर्मामीटरचं चित्र काढूनही हलत नाही. पेटीवर मंद्र प वाजवा, मग मंद्र कोमल नि वाजवा, डोळे मिटून सांगा वरचा कुठला. चुकतच नाहीत. इथे एक सांभाळायचं, "मोठा आवाज कुठला" असं विचारू नका, कारण भाता जोरात मारला की मोठा आवाज असंच पोरांना वाटतं (आणि त्यांचं बरोबर आहे), "वरचा सूर" असं विचारा. आणि हे काम सतारीवर किंवा गिटारवर करू नका बाबा, तिथे हात खाली सरकला की सूर वर चढतो, पोरांचा सगळा गोंधळ होईल. पेटीच बरी, डावीकडे खाली, उजवीकडे वर, संख्यारेषेसारखंच.

आता मंद्र सप्तकातली एक गंमत, हिच्यावर खरं तर एक आख्खा तास घालवावा. भातखंड्यांच्या लेखनपद्धतीत मंद्र स्वराखाली टिंब देतात आणि तार स्वराच्या डोक्यावर. संगीताच्या क्लासला जाणारी पोरं हे टिंब ओळखतात आणि त्यांना वाटतं खाली टिंब म्हणजे वजा, झालं, मग शुद्ध नि जर ११ तर मंद्र नि −११. पण मोजून बघा, मंद्र नि सा च्या अगदी शेजारी आहे, −१. कारण टिंबाने वजाचं चिन्ह लागत नाही, टिंबाने बारा वजा होतात. ११ − १२ = −१. ग ४, तर मंद्र ग ४ − १२ म्हणजे −८. मग −४ वर कोण बसलंय? मंद्र कोमल ध. म्हणजे एखाद्या संख्येची विरुद्ध संख्या शोधली की स्वरच बदलतो, प ७ आहे तर −७ वर मंद्र म सापडतो, आणि म ५ आहे तर −५ वर मंद्र प. सा पासून जेवढं वर गेल्यावर पंचम (प) तेवढंच खाली आल्यावर मध्यम (म), हे गाणाऱ्यांना माहीत असतं पण बहुतेकांनी त्याच्याकडे बेरजेच्या नजरेने बघितलेलं नसतं. आता पोरांना विचारा, असा कुठला स्वर आहे ज्याची विरुद्ध संख्या घेतली तरी तोच स्वर राहतो? सा सोडून बरं का. शोधू द्या, दहा मिनिटं लागली तर लागू द्या. तीव्र मध्यम. +६ वरही तोच आणि −६ वरही तोच, सप्तकाच्या बरोबर मध्यावर बसलेला.

बेरीज सोपी आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. ४ + (−७), ग वर बोट ठेवा, सात खाली या, मंद्र ध, −३. आणि वरचं ते −३ − ५, मंद्र ध वर बोट आहे, अजून पाच खाली, मंद्र ग, −८. ज्याने "अधिक आठ" म्हटलं त्याला +८ वाजवून दाखवा, तो मधल्या सप्तकातला कोमल ध आहे, खाली उतरायला निघालेला माणूस एवढा वर कसा पोचला विचारा. तो स्वतःच हसतो.

खरी मजा वजाबाकीत आहे. २ − (−५) म्हणजे किती? पुस्तकी पद्धत अशी की चिन्ह बदला आणि मिळवा, ७. का बदला याचं उत्तर बहुतेक शिक्षक देत नाहीत, नियम आहे म्हणतात. पेटीवर वजाबाकी म्हणजे एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतचं अंतर, पोचलो ती जागा वजा निघालो ती जागा. निघालो मंद्र प वरून, म्हणजे −५, पोचलो शुद्ध रे वर, म्हणजे २. मोजा पट्ट्या, पाच उड्यांत सा आणि अजून दोन उड्यांत रे, एकूण सात. इथपर्यंत फळ्यावरची संख्यारेषाही नेते. पुढचं फक्त पेटी करते. मंद्र प आणि रे एका पाठोपाठ वाजवा. मग सा आणि प वाजवा. सा ते प म्हणजे ७ − ० = ७. दोन्ही जोड्या कानाला सारख्याच लागतात! पट्टी वेगळी, पण उडी तीच, गाणारे ज्याला षड्ज-पंचम (सा-प) भाव म्हणतात तोच दोन्हीकडे आहे. म्हणजे उत्तर बरोबर आलं की नाही हे पोराला मागच्या पानावर बघावं लागत नाही, सरांकडे बघावं लागत नाही, त्याचा कानच सांगतो. चुकून ६ आले म्हणून सा ते तीव्र म वाजवून बघितलं तर जोडी जुळतच नाही, खटकते. गणितात असा पडताळा इतक्या लहान वयात दुसरीकडे कुठे मिळतो मला तरी माहीत नाही.

तसंच ० − (−५) = ५. मंद्र प ते सा आणि सा ते म, परत सारखं. आणि इथे तंबोरा आठवतो. चार तारांचा तंबोरा नेहमीसारखा लावला तर पहिली तार मंद्र पंचम, मधली जोडी षड्ज आणि शेवटची खर्ज, म्हणजे मंद्र सा. आपल्या हिशोबात −५, ०, ०, −१२. म्हणजे गवई मैफलभर ज्याच्या आधाराने गातो त्या वाद्यात एकही धन संख्या नाही, सगळा कारभार शून्य आणि ऋणावर! पंचम नसलेला मालकंस राग गायचा असेल तर ती पहिली तार मध्यमाला उतरवतात, म्हणजे −५ चे −७ झाले, −५ + (−२). मी मिरजेच्या बाजूचा, तंबोरे बनवणाऱ्या गल्ल्या आमच्या जवळच, तिथे पोरांची सहल नेली तर एका तासात अर्धा धडा होईल.

आता गुणाकार, जिथे सगळ्यांची गाडी अडते. ऋण गुणिले ऋण धन का? इथे पेटीच्या जोडीला ताल लागतो. तीनताल घ्या, सोळा मात्रा, आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, म्हणा शून्य. (तबलजी समेला एक म्हणतो, त्यांच्या मोजणीत शून्य नाही, त्यांची माफी मागून पुढे जायचं.) समेनंतरच्या मात्रा +१, +२, +३, समेआधीच्या −१, −२, −३. म्हणजे सोळावी मात्रा −१, पंधरावी −२, चौदावी −३. आता यमन रागातली साधी उतरण घ्या, म ग रे सा, म अर्थात तीव्र. आकडे बघा, ६, ४, २, ०. दर मात्रेला बरोबर दोन पट्ट्या खाली, म्हणजे चालीचा वेग −२, आणि सा बरोबर समेवर पडतो. मग प्रश्न असा, समेच्या तीन मात्रा आधी गायक कुठल्या स्वरावर होता? वेग −२, वेळ −३. (−२) × (−३). आणि तो होता तीव्र मध्यमावर, +६ वर. खाली उतरत उतरत जो आत्ता सा वर पोचलाय तो मघाशी वरच असणार, दुसरीकडे कुठे असेल? नियम पाठ करायची गरजच पडत नाही, चौदाव्या मात्रेवर म म्हणा, पंधरावीला ग, सोळावीला रे आणि समेवर सा, टाळी द्या, झालं. गुणाकाराचं उत्तर गाऊन दाखवलं. संगीतातून गणित म्हणायचंच असेल तर ह्याला म्हणा.

बाकीच्या तीन बाजू त्याच खेळातून निघतात. तसंच उतरत समेच्या पुढे तीन मात्रा गेलो तर (−२) × ३, मंद्र सप्तकातला तीव्र म, −६. दर मात्रेला दोन वर चढत चढत समेवर सा ला आलो तर तीन मात्रा आधी २ × (−३), परत −६. चढत पुढे गेलो तर रे ग आणि तीव्र म, +६. चारही उत्तरं एकाच स्वरावर येतात, वरच्या किंवा खालच्या, हा योगायोग नाही, मघाशी सांगितलेला तो विरुद्ध संख्येचा गुण आहे, हुशार पोरं ते पकडतात.

काही लोक म्हणतील, कर्जाचं उदाहरण काय वाईट आहे. वाईट नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्याचे नियम मांडले, ऋण गुणिले ऋण धन हे त्यातच आहे, तेव्हापासून जमा आणि कर्ज हीच भाषा चालत आलीय. आणि आमच्या भागात कर्जमाफी म्हटलं की वजाबाकीतलं वजा वजा अधिक एका फटक्यात कळतं हेही खरं. पण कर्जात पडताळा नाही हो. सर म्हणाले फायदा झाला, पोरगं म्हणालं झाला असेल. शिवाय ऋण संख्या मनाला पटवून घेणं ही जुनी अडचण आहे, आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे त्या भास्कराचार्यांनासुद्धा तिची दखल घ्यावी लागली. 'बीजगणित' या ग्रंथात त्यांचं माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जे राहील त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय, तर एकूण माकडं किती. उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पन्नास घेतले तर १० − ३ = ७, सातचा वर्ग ४९, अधिक एक, पन्नास. पाच घेतले तर १ − ३ = −२, त्याचा वर्ग ४, अधिक एक, पाच. गणिताने दोन्ही बरोबर. पण भास्कराचार्य पाच हे उत्तर बाजूला ठेवतात, कारण लोकांना ऋण राशीची प्रतीती येत नाही. ११५० च्या सुमारास लिहिलेलं हे. वजा दोन माकडं कुणी बघितलीत, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही. पण वजा दोन पट्ट्या ऐकता येतात, मंद्र कोमल नि, दाबा आणि ऐका.

मोबाईलवाल्या पोरांसाठी तर हे अजून सोपं आहे. कराओकेच्या ॲपमध्ये स्केल बदलायचं बटण असतं, +२, −३ असे आकडे दिसतात. कॅसिओवर ट्रान्स्पोज दाबलं की स्क्रीनवर वजाचा आकडा येतो. गणपतीत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा बारावी नापास पोरगा "काळी चारचं गाणं आहे, बाईंना काळी दोन पाहिजे, मायनस पाच कर" असं डोळ्याची पापणी न लवता सांगतो, त्याला कुणी पूर्णांक संख्या शिकवल्या नव्हत्या असं नाही, शिकवल्या होत्या, पण पेपरात त्याला त्या जमल्या नव्हत्या. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, तिथे सा धरायचा; पांढरी एक शून्य धरली तर काळी चार ८ आणि काळी दोन ३, म्हणून ३ − ८ = −५. तोच पुढे म्हणतो, नाहीतर प्लस सात कर, सूर तोच लागेल पण वरच्या सप्तकात. ७ − (−५) = १२. हे ज्याला तोंडी येतं त्याला गणित येत नाही असं कोण म्हणेल?

आणि जरा पुढच्या पोरांना मूर्च्छना दाखवा, म्हणजे सूर तेच ठेवून सा ची जागा बदलणं. भूप राग घ्या, सा रे ग प ध, म्हणजे ०, २, ४, ७, ९. आता म्हणायचं की आपला सा आजपासून ग वर. म्हणजे शून्य सरकलं, सगळ्यातून चार वजा करा. −४, −२, ०, ३, ५. वाचा आता, मंद्र कोमल ध, मंद्र कोमल नि, सा, कोमल ग, म. मालकंस! एकही पट्टी बदलली नाही, बोटं त्याच पाच जागांवर आहेत, फक्त शून्य हलवलं आणि भूपचा मालकंस झाला. प ला सा माना, सात वजा करा, −७, −५, −३, ०, २, मंद्र म, प, ध, मग सा रे, हा दुर्गा. ध ला सा मानून नऊ वजा केले तर धानीचे स्वर येतात, ते पोरांनी काढू दे. शून्य कुठे ठेवायचं हे आपण ठरवतो, ते बदललं की सगळ्या संख्या बदलतात पण त्यांच्यातली अंतरं बदलत नाहीत, ही गोष्ट पुढे निर्देशक भूमितीत आरंभबिंदू शिकवताना घसा कोरडा करून सांगावी लागते.

आता गवई मंडळी माझ्यावर चिडणार हे मला माहितीये. पेटीचे बारा स्वर समान अंतराचे, आपल्या रागातला गंधार (ग) नेमका चारवर बसत नाही, दरबारी रागाचा कोमल गंधार तर पेटीत सापडतच नाही, सुराचं आंदोलन कुठे, श्रुती, म्हणजे पट्ट्यांच्या मधले बारीक सूर, कुठे. मान्य. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढलं होतं आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच होती, त्या वादात मला पडायचं नाही. मी राग शिकवत नाहीये, पूर्णांक शिकवतोय, आणि पूर्णांकाला समान अंतरच लागतं, म्हणजे गवयांच्या लेखी पेटीचा जो दोष तोच आमच्या कामाचा. ज्याला श्रुतीचा प्रश्न पडेल त्याला अपूर्णांकाच्या धड्याला परत बोलवू.

दुसरी शंका पोरांचीच असते, आणि ती चांगली आहे. सर, −१२ म्हणजे ऋण आवाज का, शून्यापेक्षा कमी आवाज कसा असेल? नसतो. आकडा पट्टीचा आहे, कंपनांचा नाही. सा ची कंपनं सेकंदाला २४० धरली तर तार सा ४८०, मंद्र सा १२० आणि अतिमंद्र सा ६०. दर बारा पट्ट्यांना खाली निम्मं, वर दुप्पट. पट्ट्या बेरजेने सरकतात, कंपनं गुणाकाराने. −१२ ला निम्मं, −२४ ला पाव, कधीच शून्य नाही, वजा तर नाहीच. ही गोष्ट सहावीला इथेच सोडायची, पण घातांक शिकवताना दोनचा ऋण एक घात म्हणजे अर्धा का हे सांगायची वेळ आली की पेटी पुन्हा काढायची.

ज्यांना सूर कळत नाही त्या पोरांचं काय, असंही कुणी विचारेल. पट्ट्या मोजायला सूर लागत नाही. आणि ज्यांना अजिबात ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हे नाही, त्यांना फळ्यावरची रेषाच द्या, एकच पद्धत सगळ्यांच्या गळ्यात मारायची गरज नाही. शेजारच्या वर्गाला त्रास होतो ही तक्रार मात्र खरी आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, शनिवारी सकाळी घ्या.

शिक्षकाला पेटी वाजवता आली पाहिजे का, तर नाही. एका बोटाने पट्टी दाबता आणि दुसऱ्या हाताने भाता मारता आला की पुरे, ते पोरंही करतात. पेटी नसेल तर फोनवर फुकट पियानो ॲप मिळतं. बरं वाजवणारं माणूस मिळालं तर उत्तमच, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कला, क्रीडा आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलंय. ते मिळाले तर त्यांना फक्त स्वागतगीतापुरतं आणि पाहुण्यांपुरतं ठेवू नका, गणिताच्या तासाला बोलवा, महिन्यातून दोन तास का होईना.

बालभारतीला माझी एक विनंती आहे. पुस्तकं पुन्हा नव्याने लिहिली जातील तेव्हा पूर्णांकाच्या धड्यात थर्मामीटरशेजारी पेटीच्या पंचवीस पट्ट्यांचं एक चित्र टाका, मधल्या सा खाली शून्य, डावीकडे −१२ पर्यंत, उजवीकडे १२ पर्यंत, आणि खाली क्यूआर कोड द्या, स्कॅन केलं की सूर वाजतील. पोरं घरी जाऊन आजोबांच्या पेटीवर ताडून बघतील. खर्च काहीच नाही.

तोपर्यंत ज्यांना उद्याच करून बघायचंय त्यांना एक सांगतो, आकड्यांच्या चिठ्ठ्या पट्ट्यांवर डिंकाने चिकटवू नका, पट्टी खराब होते आणि पेटी ज्यांच्या ताब्यात असते ते पुन्हा देत नाहीत. कार्डशीटची एक लांब पट्टी कापा, तिच्यावर आकडे लिहा आणि पट्ट्यांच्या मागच्या कडेला नुसती टेकवून ठेवा. म्हणजे स्केल बदललं, काळी एकचा सा पांढरी चारवर नेला, की ती कार्डशीटच सरकवता येते, शून्यासकट.

आपला,
एक गणित शिक्षक
मिरज तालुका, जि. सांगली